निपाणीकर बाई आणि मधली जागा

निपाणीकर बाई अख्ख्या पेठेला अरे-तुरे करायच्या. नगरसेवक असो, डॉक्टर असो, देवळातला गुरव असो. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यामुळं समोरच्याच्या हातात रंगाचा ब्रश आहे आणि तो आता सतरंजी खराब करणार, अशाच नजरेनं त्या माणसाकडं बघायच्या. त्यांच्या हाताखालच्या पोरी आता आज्या झाल्या. त्या आज्यासुद्धा रस्त्यात बाई दिसल्या की पदर सारखा करायच्या.

मी त्यांच्या दारात दूध घालायला लागलो तेव्हापासून मला 'अरे म्हादबा'. माझ्यापेक्षा मोठ्या असतील तर वर्षा-दोन वर्षांनं. मला राग यायचा. मी गवळी आहे, आमच्या गल्लीत माझ्या शब्दाला वजन आहे, माझ्या सासऱ्यानंसुद्धा मला कधी अरे म्हटलं नाही. एकदा तोंडावर बोललो, "बाई, मीबी नातवंडांचा धनी हाय. जरा आवो-जावो करा की."

बाईंनी दुधाचं पातेलं आत नेऊन ठेवलं, परत आल्या आणि म्हणाल्या, "नातवंडं तुला झाली. अक्कल कुणाला झाली?" आणि दार लावून घेतलं.

अशी बाई. आणि ह्या बाईंनी माझा एक फोटो भिंतीवर लावला. एकच लावला, पण निपाणीकर बाईंनी लावला. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण शेवटापर्यंत पोटात ठेवायला मला जमणार नाही. बाई आता नाहीत. भाची त्यांना बेळगावला घेऊन गेली, तिथंच त्या गेल्या. पण कोल्हापुरात त्यांना कुणी विचारलं की लोक माझ्याकडं बोट दाखवतात, "त्यो बघा, बाईंचा म्हादबा." ह्या 'बाईंचा' शब्दाचा मला मोठा अभिमान आहे. माझी शाळा चौथीत सुटली. मास्तरनं छडी उचलली, मी ती मोडली आणि घरी आलो. त्यानंतर जी शाळा केली ती बाईंची.

ती सुरू झाली कट्ट्यावर. आमच्याकडं संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून ग्लासात देतात. तिथंच उभ्यानं प्यायचं, मिशीला फेस लागला पाहिजे. बाई तेव्हा शाळेतनं निवृत्त झाल्या होत्या आणि गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर फिरायच्या. लोक म्हणायचे, बाईंना म्हातारचळ लागला. मीही म्हणायचो. त्या दिवशी मी धार काढत होतो आणि बाई समोर रस्त्यात उकिडव्या बसल्या होत्या.

"म्हादबा, ती चरवी सरकव. उन्हानं चमकते आहे."

"माझी म्हस, माझा कट्टा, माझी चरवी. मी सरकवनार न्हाई."

गिऱ्हाइकं हसली. बाई उठल्या, स्वतः येऊन चरवी उचलून मागं ठेवली, परत जाऊन बसल्या, आणि खट्ट. मग येऊन कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. बघतो तर मी आणि म्हैस एका कडेला, आणि बाकी सगळा मोकळा रस्ता, त्यावर तिरकं ऊन.

माझं टाळकं फिरलं. "मला कडंला का टाकलंय? मधी एवढी जागा मोकळी पडलीया की!"

"कडेला टाकलं नाही. म्हैस डावीकडं तोंड करून आहे. तिला जायला वाट ठेवली."

जन्मभर म्हशींच्या मागनं चाललो. म्हशीला वाट लागते हे मला कुणी शिकवायला नको. पण फोटोतल्या म्हशीलासुद्धा वाट लागते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. घरी आलो आणि भिंतीवरचे फोटो बघितले. लग्नातला, तालमीतल्या सत्काराचा, थोरल्याच्या बारशाचा. सगळे मधोमध, विजेच्या खांबागत उभे. कुणालाच कुठं जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दूध घालताना म्हणालो, "बाई, मलाबी शिकवा."

"कॅमेरा आहे?"

"न्हाई. सदाचा मोबाईल मागतो." सदा म्हणजे माझा मुलगा. गोठा आता तोच बघतो.

"मोबाईल नको." बाई आत गेल्या आणि लग्नपत्रिकेचा एक जाड पुठ्ठा घेऊन आल्या. त्याला मधे खिडकी कापलेली आणि खिडकीवर निळे दोरे ताणलेले, दोन उभे, दोन आडवे. नऊ घरं झाली. "ह्यातनं बघायचं. दोरे जिथं एकमेकाला भेटतात तिथं माणूस बसवायचा. मधल्या घरात नाही. हे जमलं की कॅमेरा."

मी तो पुठ्ठा खिशात घालून हिंडायला लागलो. तोंड धुताना बघ, वैरण टाकताना बघ. आमच्या मंडळींनी भाकरी थापता थापता वर बघितलं, तर मी एक डोळा मिटून पुठ्ठ्यातनं त्यांच्याकडं.

"आवं, एवढी वर्सं उघड्या डोळ्यानं बघून भागलं न्हाई व्हय? आता भोकातनं बघाय लागलाय."

"गप. जरा डावीकडं सरक."

"मी न्हाई सरकत. तुमीच सरका तिकडं, गोठ्यात."

गोठ्यात गेलो. पुठ्ठा दावणीवर ठेवून शेण काढायला वाकलो तेवढ्यात शेवंतीनं तो खाल्ला. शेवंती म्हणजे आमची तेव्हाची पहिल्या वेताची म्हैस, माझ्यासारखीच हट्टी. दोऱ्यासकट खाल्ला. बाईंना सांगितलं, मला वाटलं हसतील. बाई म्हणाल्या, "बरं झालं. घरात एकाच्या तरी पोटात नियम गेला." आणि नवा पुठ्ठा माझ्याकडनंच कापून घेतला. दोरे हजारदा ताणायला लावले. एकही सैल चालायचा नाही.

मग जुना कॅमेरा मिळाला आणि मी रविवारच्या टोळीत सामील झालो. रविवारी सकाळी पाच-सात जण बाईंच्या मागं निघायचे. त्यात स्नेहल म्हणून एक पोरगी होती, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, तिचा कॅमेरा आमची म्हैस लाजेल एवढा काळा आणि तगडा. बाई सगळ्यांच्या पुढं, सुती साडी, पायात कोल्हापुरी, काखेत काळी छत्री. चपलेचा कर्रकर्र आवाज यायचा. एक जण म्हणाला, "बाई, रस्त्यावरचे फोटो काढताना आवाज होऊ नये, लोक सावध होतात." बाई म्हणाल्या, "कोल्हापुरात चप्पल वाजली नाही तर लोक सावध होतात."

त्यांची एक तऱ्हा होती. आम्ही कॅमेरा उचलला की मागनं छत्रीचं टोक पाठीत बसायचं. "कडा बघितल्यास?" बाईंचं म्हणणं, मधलं कुठं पळून जात नाही, चोर शिरतात ते कडेनं. कुणाची अर्धी चप्पल, कुणाचं कोपर, कुणाच्या डोक्यातनं उगवलेला खांब. आधी चारी कडा फिरून यायच्या, दारं-खिडक्या लावल्यागत, मग बटण दाबायचं. आणि ज्याला आपण बघितलेलं आवडणार नाही त्याच्याकडं कॅमेरा न्यायचाच नाही. घाटावर एका पोरानं धुणं धुणाऱ्या बायकांवर कॅमेरा धरला, तर बाईंनी त्याच्या तोंडासमोर छत्री उघडली. पोरगं छत्रीचाच फोटो काढून घरी गेलं.

आणि उभं किती राहायच्या! महाद्वार रोडला एका कोपऱ्यावर सकाळी भिंतीवर उन्हाचा एक तुकडा पडायचा. बाई समोर जाऊन उभ्या. आम्ही चहा पिऊन आलो, दुसरा चहा पिऊन आलो, बाई तिथंच. "जागा आधी धरायची," त्या म्हणायच्या. "माणूस येतोच. त्याला दुसरा रस्ता नाही." एकदा खरंच आला. हातगाडीवर कपाटाचा मोठा आरसा तिरका बांधून एक गडी त्या उन्हात शिरला आणि आरशात सगळं आभाळ आलं, वरचे पतंग, तारा, सगळं. आम्ही धडाधड बटणं दाबली. बाईंनी कॅमेरा उचलला आणि खाली घेतला.

"बाई, का न्हाई काढला? तुमीच तर जागा धरलीती!"

"आरशात मधोमध मी उभी होते," बाई म्हणाल्या. "मला मधे उभं राहायचं नसतं."

तेव्हा मी हसलो. पण बाई तशाच होत्या. शाळेच्या फोटोत बघा, सगळ्यात कडेला, अर्धा खांदा बाहेर. दरवर्षी दिवाळीनंतर त्या जुन्या शाळेच्या चित्रकलेच्या हॉलात आमच्या फोटोंचं प्रदर्शन लावायच्या. एका माणसाचा एकच फोटो, आणि निवडायच्या त्या स्वतः. लोक बघायला आले की बाई दाराजवळच्या स्टुलावर, चपलांकडं लक्ष ठेवून.

त्या भिंतीवर माझा फोटो लागत नव्हता. खोटं कशाला बोलू? बाकी सगळ्यांचे लागले, कालपरवा आलेल्या पोरांचे लागले, म्हादबाचा नाही. दरवर्षी मी निवडून फोटो न्यायचो, बाई बघायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा मधे."

कारण मी ठेवायचोच मधे. दोऱ्याचा नियम मला पाठ होता, रस्त्यावर जमायचाही. पण आवडती गोष्ट समोर आली की हात मधे जायचा. म्हैस मधे, नातू मधे, पंचगंगेवरचा सूर्य मधे. ज्याला मान द्यायचा त्याला मधे बसवायचं, ही आमच्याकडची रीत. पाटावर नवरदेवाला काय भिंतीला चिकटवून बसवतात? हे मी बाईंना विचारलं.

"नवरदेव पाटावर कुणामुळं दिसतो?" बाईंनी उलट विचारलं.

"मुंडावळ्यांमुळं."

"गोळा झालेल्या लोकांमुळं. ते उठून जेवायला गेले की नवरदेवाकडं कुत्रं बघत नाही. मधली जागा मागून मिळत नाही, म्हादबा. ती कडांनी द्यावी लागते."

"म्हंजे?"

"म्हणजे जा, वैरण टाक."

सदा म्हणाला, "आबा, आपन सोता मोठा करून डेअरीत लावूया की तुमचा फोटो." मी म्हणालो, "लागंल तर बाईंच्या भिंतीवर. न्हाईतर ऱ्हाऊ दे गोठ्यात." प्रदर्शनाला मी दरवर्षी जायचो. फेटा बांधून जायचो. कुणी विचारलं, "आबा, तुमचा कुठला?" की सांगायचो, "माझा अजून बाईंच्या मनाला यायचा हाय." मान खाली घालून नव्हे, वर करून सांगायचो.

आता पाडव्याचं सांगतो. दिवाळीचा पाडवा म्हणजे आम्हा गवळ्यांचा मान. म्हशी भादरून, तेल चोळून आरशागत करायच्या, शिंगं रंगवायची, शिंगाला मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू. आणि रस्त्यावर पळवायच्या. दोर नाही, दावं नाही. मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेली फटफटी घेऊन पुढं आणि म्हैस त्या आवाजामागं. दोन्ही अंगाला माणूस मावत नाही. ज्याची म्हैस हाकेला येते तो गवळी. ज्याची येत नाही त्यानं दूध विकावं, पण गवळी म्हणवून घेऊ नये.

टोळीत गेल्यावरच्या पहिल्या पाडव्याला मी कॅमेरा घेऊन बाईंच्या शेजारी रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसलो होतो. लांबनं सदाची फटफटी आणि मागं शेवंती आली. मोरपीस उडतंय, अंगावर ऊन घसरतंय. मला वाटलं, हिनं एकदा माझ्याकडं बघितलं तर काय फोटो होईल. वाटलं म्हणेपर्यंत गळ्यातनं हाक गेली, "हुर्रर्र येऽ शेवंतेऽ!"

शेवंतीनं सदाची गाडी सोडली आणि सरळ हाकेवर आली. तिच्या मागनं आणखी दोघी. सगळी फोटोवाली मंडळी पांगली. मुंबईचा एक पावणा कॅमेरा छातीला धरून भज्याच्या गाड्याखाली शिरला. शेवंती येऊन माझा फेटा चाटायला लागली. बाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. उठल्या, साडी झटकली.

"आला फोटो?"

"आला की!" मी दाखवला. सगळ्या फोटोभर शेवंतीची एक नाकपुडी.

"हा रस्त्यावरचा फोटो नाही. हा तुझ्या घरचा फोटो झाला. हाक मारून येतं ते घरचं. हाक न मारता मिळतं ते रस्त्यावरचं."

"म्हशीला हाक मारायची न्हाई तर गवळी कशाला झालो?"

"पाडव्याला गवळी हो नाहीतर फोटोवाला हो. एका वेळी एकच."

भज्याच्या गाड्याखालचा पावणा अजून बाहेर आला नव्हता. मी त्याला हात दिला. माझी चूक मी तेव्हाही मानली नाही, आजही मानत नाही. गळा गवळ्याचा, त्यानं त्याचं काम केलं.

असे पाडवे गेले. मग एका हिवाळ्यात बाई माझ्याशी बोलताना दुसरीकडं बघायला लागल्या. मी दारात उभा, आणि बाई माझ्या खांद्यापलीकडच्या तुळशीकडं बघून बोलायच्या. एक दिवस झाला, दोन दिवस झाले. माझा स्वभाव असा की शिवी चालेल, पण नजर फिरवलेली चालणार नाही.

"बाई, काय चुकलं आसंल तर सांगा. पर माझ्याशी बोलायचं तर माझ्याकडं बघून बोला."

बाईंनी पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझ्याकडं बघितलं की तू दिसत नाहीस, म्हादबा. बाजूला बघितलं की दिसतोस."

दोन्ही डोळ्यांत, बरोबर मधे, डाग धरला होता. जिथं बघावं तिथं धुरकट भोक, आणि भोवतीनं सगळं जागच्या जागी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे वाढत जाणार. बाई हे असं सांगत होत्या की जणू शाळेतल्या फळ्याला चीर पडली. "जन्मभर पोरांना ओरडले, मधे बघू नका, कडा बघा. देवानं ऐकलं एकदाचं." हसल्या. मला हसू आलं नाही. मी दुधाचं माप घालायला वाकलो आणि वाकूनच राहिलो.

त्या वर्षी दसऱ्याला बाईंनी सांगितलं, औंदाचं प्रदर्शन शेवटचं. दिवाळीनंतर भाची येऊन बेळगावला नेणार. म्हणजे माझ्याजवळ एक पाडवा उरला. पुढं कुणी माझा फोटो सोन्याच्या चौकटीत लावला असता तरी मला त्याचं काय? मला बाईंचं 'लाव' ऐकायचं होतं.

बाई त्या पाडव्याला आल्या नाहीत. गर्दीत आता झेपत नव्हतं. मी एकटाच जागा धरून बसलो. आधी कडा फिरून आलो. वर गच्चीत बायका, उजव्या अंगाला बापाच्या खांद्यावर एक पोरगी, डावीकडं पिपाणीवाला. पुढं रस्ता मोकळा. शेवंती पळत येणार, तिला मी उजव्या दोऱ्यावर बसवणार आणि डावीकडं वाट ठेवणार. औंदा मधे नाही, काय वाट्टेल ते होवो. असं ठरवून बसलो होतो.

सदाची फटफटी आली, गेली. शेवंती आली, आणि बरोबर रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

उभी म्हणजे उभी. आता म्हातारपणाकडं झुकली होती, पण नटलेली होती राणीगत. सदानं पुढं जाऊन गाडी थांबवली, मान वळवून बघितलं, गाडी गुरगुरवली. शेवंती हलली नाही. पुन्हा गुरगुरवली. नाही. गर्दीतनं पहिलं हसणं आलं. मग एक जण ओरडला, "आबांची म्हस अडली रंऽऽ!" शिट्ट्या सुरू झाल्या. आमच्या घराण्याची म्हैस भर पाडव्याला, भर रस्त्यात, कधी अडली नव्हती. सदाचं तोंड उतरलं.

"आबाऽ!" तो ओरडला. "हाक मारा की!"

माझी एक हाक, आणि शेवंती उडाली असती. अब्रू राहिली असती. हाक गळ्यापर्यंत आली होती, मला ती दातांमागं लागत होती. आणि डोळ्याला कॅमेरा होता. मी कडा बघितल्या. गच्चीतल्या बायका वाकलेल्या, शेवंतीकडं. खांद्यावरच्या पोरीचं तोंड उघडं, शेवंतीकडं. पिपाणीवाल्यानं वाजवायचं थांबून पिपाणी छातीला धरलेली, नजर शेवंतीवर. सदा फटफटीवर मागं वळलेला. दुकानाच्या पायरीवरचं कुत्रंसुद्धा. उभा रस्ता, आडवा रस्ता, सगळा तिच्याकडं. आणि ती मधे, कुणाकडंही न बघता. जी जाते तिला वाट ठेवायची. हिला कुठं जायचंच नव्हतं. वाट ठेवून करू काय?

"आबाऽ, मारा की हाक! लोकं हसाय लागली!"

मी हाक गिळली. कॅमेरा दोऱ्यावरनं सरकवला, शेवंतीला मधल्या घरात घेतलं, बरोबर मधोमध, आणि दाबलं. एकदाच.

मग कॅमेरा खाली घेतला आणि असली हाक मारली की गच्चीतल्या बायका मागं सरकल्या. शेवंती सुटली ती सदाच्या गाडीच्याही पुढं निघून गेली. पण सदा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. "लोकांनी बापाच्या तोंडावर दात काढलं आन बाप फोटो काढत बसला," असं त्यानं त्याच्या आईला सांगितलं. आमच्या मंडळी म्हणाल्या, "त्यांचा पुठ्ठा त्या म्हशीनं खाल्लाय बाबा. दोघंबी आता सारखीच."

फोटो निवडायच्या दिवशी बाईंच्या घरी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांचे फोटो मांडले होते. स्नेहल हळूच म्हणाली, "बाई, यंदा आम्ही निवडू का? तुम्हाला उगाच त्रास."

"मधलं गेलंय माझं. कडा शाबूत आहेत. आण इकडं."

मी स्नेहलला आधीच दटावलं होतं, पाडव्याचं बाईंना कुणी काही सांगायचं नाही. माझा फोटो हातात दिला. चांगला मोठा करून आणला होता. बाईंनी तो खिडकीपाशी नेला, तोंडाजवळ धरला आणि मान वळवून, तिरकं, एकेक कड बघायला लागल्या. हातानं ज्वारी निवडतात तसं.

"वर बायका आहेत. गच्चीत. वाकल्यात." मान फिरवली. "इकडं पोरगी, कुणाच्या तरी खांद्यावर. तोंड उघडं. हा कोण? पिपाणीवाला. वाजवायचं सोडून बसलाय मेला." पुन्हा मान फिरवली. "हा तुझा सदा. रागात आहे. आणि हे कुत्रं." मग पुन्हा वरनं सुरुवात केली.

"मधे म्हैस आहे," बाई म्हणाल्या.

"तुमाला दिसली?"

"नाही. मधे मला नुसतं धुकं आहे. पण म्हैस आहे, आणि ती उभी आहे. पळत असती तर माना एकीकडं वळल्या असत्या. ह्या सगळ्या एका जागी आल्यात." फोटो खाली घेतला. "मधोमध ठेवलीस?"

"व्हय."

"हात गेला म्हणून?"

"न्हाई बाई. बघून ठेवली. मुद्दाम."

"हाक?"

"मारली. पर दाबल्यावर."

बाईंनी फोटोच्या कडेवरनं बोट फिरवलं, चारी बाजूंनी, एक फेरी. "दिली की रे कडांनी," त्या म्हणाल्या. मग शाळेतल्या आवाजात ओरडल्या, "स्नेहल! लाव हा. समोरच्या भिंतीवर. मधे."

प्रदर्शनाच्या दिवशी सदा आला होता, स्वतःहून, धुतलेला सदरा घालून. फोटोसमोर उभा राहून पावण्यांना सांगत होता, "ही आमची शेवंती. आन ह्यो गाडीवर मी." मी फेटा बांधून दाराशी होतो. कुणी विचारलं, "आबा, तुमचा कुठला?" मी नुसतं बोट दाखवायचो. त्या दिवशी एवढं बोट दाखवलं की खांदा भरून आला.

संध्याकाळ व्हायला आली तशी गर्दी ओसरली. बाई स्टुलावरनं उठल्या. चपलेचा कर्रकर्र आवाज करत हॉलाच्या मधोमध गेल्या आणि उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी बाईंना कशाच्या तरी मधे उभं राहिलेलं बघितलं. काखेत छत्री, पाठ ताठ, आणि तोंड खिडकीकडं. खिडकीत काही नव्हतं. शाळेचं मोकळं मैदान आणि कुणीतरी वाळत घातलेली सतरंजी.

बेळगावची भाची लगबगीनं पुढं झाली. बाईंच्या कोपराला धरून हळूच त्यांना भिंतीकडं वळवायला लागली. "मावशी, फोटो इकडं आहे."

"ताई, हात काढा," मी म्हणालो. "बाई माझाच फोटो बघत्यात."